वाचकांचे प्रश्न : नरूमाच्या महोत्सवात कालवं खायला जाताना

ऑस्ट्रेलियाच्या आग्नेय किनाऱ्यावर, वागोंगा खाडीच्या मुखाशी नरूमा नावाचं छोटं गाव आहे. तिथे दरवर्षी मे महिन्याच्या सुरुवातीला कालवांचा, म्हणजे ऑयस्टरचा, महोत्सव भरतो. सिडनी, कॅनबेरा आणि मेलबर्नमधल्या मराठी घरांतून त्याबद्दल आलेले प्रश्न या वेळी एकत्र घेतले आहेत. कोकणातून आलेल्या एका प्रश्नाचा धागाही तिथेच जुळतो, म्हणून तोही सोबत.

प्रश्न : आम्ही सिडनीत राहतो. दोन कुटुंबं मिळून मुलांसह नरूमाला जायचं म्हणतो आहोत. सकाळी निघून रात्री परत येता येईल का? काय तयारी करावी? (सिडनी)

उत्तर : एका दिवसात जाऊन येण्याचा बेत करू नका. सिडनीहून प्रिन्सेस हायवेने नरूमा सुमारे साडेतीनशे किलोमीटर आहे. न थांबता पाच तास लागतात आणि मुलं सोबत असली की सहा धरावेत. परतताना अंधार होतो. मे महिन्यात तिथे सूर्य संध्याकाळी पाचच्या सुमारास मावळतो आणि नेमक्या त्याच वेळी कांगारू व वॉलबी रस्त्यावर येतात. कॅनबेऱ्याहून येणाऱ्यांना अंतर कमी, साधारण सव्वादोनशे किलोमीटर. पण किंग्ज हायवेवरचा क्लाइड माउंटनचा घाट तीव्र वळणांचा आहे. गाडी लागणारं कुणी असेल तर घाटाआधी भरपेट नाश्ता टाळा. रेल्वे नरूमापर्यंत जात नाही, दक्षिण किनाऱ्याची लाइन बोमाडेरीलाच संपते. जवळचा विमानतळ मोरूयाचा, उत्तरेला सुमारे चाळीस किलोमीटरवर.

गेल्या काही वर्षांत महोत्सव शुक्रवारी संध्याकाळी सुरू होतो आणि मुख्य दिवस शनिवार असतो. त्यामुळे शुक्रवारी दुपारी पोचून रविवारी परतणं सोयीचं. गाव लहान आहे आणि त्या दोन रात्री खोल्या फार आधी भरतात. नरूमात जागा नसेल तर उत्तरेला मोरूया किंवा दक्षिणेला बर्मागुईत शोधा. तारखा आणि दर दरवर्षी बदलतात, तेव्हा तिकीट महोत्सवाच्या अधिकृत संकेतस्थळावरून आधीच काढा. प्रवेशाचं तिकीट वेगळं आणि खाण्याचे पैसे वेगळे, हा हिशेब खर्च ठरवताना लक्षात असू द्या.

कपड्यांचं म्हणाल तर तिकडे तो शरद ऋतू असतो. दुपार उबदार असते, पण सूर्य खाली गेला की खाडीवरून गार वारा सुटतो. स्वेटर आणि वाऱ्याला अडवणारं जॅकेट हवंच. पायात बंद बूट घाला, कारण गवत ओलं असतं आणि जमिनीवर शिंपल्यांचे तुकडे पडलेले असतात. कालवांसोबत वाइन घेण्याची तिथे रीत आहे. न्यू साउथ वेल्समध्ये गाडी चालवणाऱ्यासाठी रक्तातल्या मद्याची मर्यादा ०.०५ आहे आणि शिकाऊ किंवा तात्पुरता परवाना असलेल्यांना शून्य. गाडी कोण चालवणार हे दुपारीच ठरवून टाका.

शक्य असेल तर सकाळी दार उघडतानाच आत जा. कालवं उघडणाऱ्यांचे हात तेव्हा ताजे असतात, रांगा लहान असतात आणि कालवं वाढवणाऱ्या बागायतदारांशी बोलायला वेळ मिळतो. दुपारी एकनंतर यातलं काहीच मिळत नाही.

प्रश्न : तिथलं कालव आणि आपल्या कोकणातलं कालव एकच का? (कॅनबेरा)

उत्तर : एकच नाही, पण नातं अगदी जवळचं. नरूमात मुख्य मान असतो तो सिडनी रॉक ऑयस्टरला. त्याचं शास्त्रीय नाव सॅकोस्ट्रिया ग्लोमेराटा. कोकणात ओहोटीला उघड्या पडणाऱ्या खडकांवर जी काळपट-जांभळ्या कडांची, करवतीसारख्या दातांची कालवं चिकटलेली असतात, ती सॅकोस्ट्रिया कुकुलाटा. म्हणजे दोघं एकाच प्रजातीतले भाऊबंद. शास्त्रज्ञांनीही या दोघांच्या नावांत बराच काळ गल्लत केली होती. कोकणच्या खाड्यांत मिळणारी मोठी, लांबट कालवं मात्र क्रॅसोस्ट्रिया या वेगळ्या प्रजातीची.

फरक पडतो तो वाढवण्यात आणि खाण्यात. कोकणात बाया सुकतीच्या, म्हणजे ओहोटीच्या, वेळी खडकावर बसून टोकदार लोखंडी हत्याराने वरची शिंप फोडतात, गर काढून पाण्यात धुतात आणि बाजारात वाट्याने विकतात. हा गर शिजवण्यासाठीच असतो. नरूमात कालव मोकळ्या टोपलीत, एकेक सुटं, खोल वाटीसारख्या शिंपेत वाढवलेलं असतं आणि जिवंत असताना ग्राहकासमोर उघडलं जातं. खडकावर दाटीने वाढलेलं कालव वाकडंतिकडं आणि पातळ राहतं. टोपलीतल्याला सगळ्या बाजूंनी जागा मिळते, म्हणून ते गोल आणि भरीव होतं.

महोत्सवात आणखी दोन जाती दिसतील. पॅसिफिक ऑयस्टर आकाराने मोठं, मूळचं जपानकडचं. अंगासी हे तिथलंच देशी, चपट्या शिंपेचं कालव. त्याची चव तीव्र, थोडी धातूसारखी आणि तोंडात बराच वेळ रेंगाळणारी असते. अंगासी पाण्याबाहेर लवकर तोंड उघडतं आणि त्याचं पाणी गळून जातं, त्यामुळे ते फार लांबच्या बाजारात जात नाही. किनाऱ्यावर मिळालं तर तिथेच चाखून घ्या.

प्रश्न : कच्चं कालव पहिल्यांदाच खाणार आहे. कसं खातात? किती घ्यावीत? (सिडनी)

उत्तर : पहिल्या वेळी अर्धा डझन पुरेत. पण सहाही एकाच ठिकाणची घेऊ नका. तीन वागोंगाची आणि तीन दुसऱ्या खाडीची घ्या. त्या किनाऱ्यावर क्लाइड नदी, टुरॉस, वापेंगो, मेरिंबुला, पँबुला असे कितीतरी जलाशय आहेत. जात एकच असली तरी प्रत्येक जागेची चव निराळी लागते, कारण कालव जे पाणी गाळतं त्याच पाण्याचा खारेपणा आणि त्यातलं सूक्ष्म शेवाळ त्याच्या अंगात उतरतं. वागोंगाला मोठी नदी येऊन मिळत नाही. समुद्राचं पाणी भरतीबरोबर थेट आत येतं, म्हणून तिथलं कालव स्वच्छ खारं लागतं. नदीच्या वरच्या भागातलं कालव तुलनेने सौम्य असतं. सौम्य आधी खा आणि खारं नंतर. उलट केलंत तर दुसऱ्याची चव कळणारच नाही.

ते विकत घेताना एक प्रश्न नक्की विचारा : आत्ता उघडून देता का, आणि न धुता? ऑस्ट्रेलियातल्या दुकानांत पुष्कळदा आधी उघडून, नळाखाली धुऊन, उलटी करून मांडलेली कालवं मिळतात. ती दिसतात सुरेख, पण धुण्यात शिंपेतलं मूळ पाणी जातं आणि निम्मी चव त्या पाण्यात असते.

शिंप आडवी धरा आणि आधी पाण्याचा एक घोट घ्या. मग छोट्या काट्याने गर सुटा आहे ना ते पाहून तोंडात सोडा आणि चावा. न चावता गिळायचं असतं असं बरेच जण सांगतात, ते ऐकू नका. आधी खारेपणा लागतो, गोडवा येतो तो दोन-तीनदा चावल्यावर. हा गोडवा ग्लायकोजेनचा, म्हणजे कालवाने अंगात साठवलेल्या पिष्टाचा. भरलेलं कालव मलईच्या रंगाचं आणि फुगीर दिसतं. अंडी-शुक्र सोडून रिकामं झालेलं कालव पाणचट, जवळजवळ पारदर्शक दिसतं. ते खराब नसतं, पण पैसे वसूल होत नाहीत. पहिलं कालव तसंच खा, दुसऱ्यावर लिंबाचे दोन थेंब घ्या. तिखट सॉस शेवटच्यासाठी ठेवा.

प्रश्न : माझी मुलगी गरोदर आहे, वडिलांना मधुमेह आहे आणि मला कोळंबीची ॲलर्जी आहे. आमच्यापैकी कुणी खाल्लं तर चालेल? लिंबू पिळलं की जंतू मरतात ना? (मेलबर्न)

उत्तर : लिंबाने जंतू मरत नाहीत. तिखट सॉसने नाही आणि वाइननेही नाही. कच्च्या कालवातून दोन मोठे धोके संभवतात. एक नोरोव्हायरस, ज्याने उलट्या-जुलाब होतात आणि धडधाकट माणूस दोन-तीन दिवसांत सावरतो. दुसरा व्हिब्रिओ गटातले जिवाणू. त्यांतला व्हिब्रिओ व्हल्निफिकस क्वचित आढळतो, पण यकृताचा आजार, मधुमेह, कर्करोगाचे उपचार किंवा कमजोर प्रतिकारशक्ती असलेल्यांना तो जिवावर बेतू शकतो. म्हणून मुलीने आणि वडिलांनी कच्चं अजिबात खाऊ नये. पाच वर्षांखालच्या मुलांना आणि फार वयस्कर मंडळींनाही देऊ नये.

शिजवलेलं चालतं, पण नीट शिजलेलं. कढत्या पाण्यात शिंपा उघडल्यावर आणखी तीन ते पाच मिनिटं उकळी हवी. सोललेला गर असेल तर किमान तीन मिनिटं. चीज घालून वरून भाजलेली जी कालवं स्टॉलवर मिळतात, त्यांत बऱ्याचदा चीज वितळतं पण आतला गर कोमटच राहतो. वडिलांसाठी ती घेऊ नका. तळलेली, आतपर्यंत शिजलेली घ्या.

तुमच्या ॲलर्जीचं थोडं गुंतागुंतीचं आहे. कोळंबी-खेकडे हे कवचधारी आणि कालवं मृदुकाय, म्हणजे गट वेगळे. कोळंबी न चालणाऱ्या काहींना कालवं चालतात. पण दोन्हींत ट्रोपोमायोसिन हे प्रथिन असतं आणि काहींना दोन्हींचा त्रास होतो. डॉक्टरांकडे तपासणी करून घेतल्याशिवाय महोत्सवाच्या गर्दीत प्रयोग नको. शिवाय त्याच कढईत कोळंबीही तळलेली असते.

प्रश्न : घरी कालवं उघडताना सुरी घसरली आणि तळहात कापला. कुठे चुकलं? महोत्सवातल्या कालवं उघडण्याच्या स्पर्धेत तर झरझर उघडतात. (सिडनी)

उत्तर : बहुधा स्वयंपाकघरातली धारदार सुरी वापरली असावी. कालवाची सुरी धारेची नसते. तिचं पातं आखूड, जाड आणि बोथट असतं, टोक मात्र मजबूत. तिने कापायचं नसतं, कुलूप उघडल्यासारखं पिळायचं असतं. ज्या हातात कालव धरणार त्यात कापप्रतिबंधक हातमोजा घाला, नसेल तर जाड पंचाच्या चार घड्या करून त्यात कालव गुंडाळा. हवेत धरू नका, फळीवर टेकवा.

खोलगट शिंप खाली, चपटी वर आणि निमुळतं टोक तुमच्या दिशेने ठेवा. त्या टोकाशी बिजागरी असते. सुरीचं टोक दोन शिंपांच्या फटीत साधारण अर्धा सेंटिमीटर रुतवा. इथे जोर लावायचा नसतो. सुरी किंचित डावी-उजवी हलवत आत बसवायची. ती घट्ट बसली, म्हणजे हात सोडला तरी कालव तिला धरून उभं राहिलं, की मगच मनगट पिळा. टक्कन आवाज येतो. पातं एकदा पुसून घ्या, नाहीतर बिजागरीचा चिखल आत जातो. मग पातं वरच्या शिंपेच्या आतल्या अंगाला चिकटवून सरकवा. उजव्या बाजूला, मध्याच्या थोडं पुढे, शिंपा मिटून धरणारा स्नायू असतो. तो कापला की झाकण सुटतं. शेवटी गराखालून पातं फिरवून तोच स्नायू खालच्या शिंपेपासून मोकळा करा.

चुका ठरलेल्या असतात. सुरी बसण्याआधीच पिळलं तर ती घसरते, तुमचं तेच झालं असणार. पातं वरच्या शिंपेला न चिकटवता मधून घातलं तर गर फाटतो. बिजागरी फार ठोकली तर शिंपेचा चुरा गरावर पडतो. कालव न धुता उघडलं तर माती आत जाते. म्हणून उघडण्याआधी बाहेरून ब्रशने, वाहत्या पाण्याखाली घासा. उघडल्यावर मात्र धुऊ नका.

स्पर्धेतही निव्वळ वेगाला मान नसतो. गर फाटला, शिंपेचा तुकडा राहिला किंवा स्नायू सुटला नाही की वेळेत दंडाचे सेकंद वाढवले जातात. बघायला उभे राहिलात तर चेहऱ्यांकडे न बघता मनगटाकडे बघा. हाताची कमीत कमी हालचाल करणाराच बहुतेक वेळा पुढे असतो.

शिंपेने झालेली जखम साधी समजू नका. भरपूर स्वच्छ वाहत्या पाण्याने धुवा, तुकडे राहिले नाहीत ना ते पाहा, धनुर्वाताचं इंजेक्शन कधी घेतलं होतं ते आठवा. सूज किंवा लाली पसरू लागली तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. व्हिब्रिओ जखमेतूनही शिरतो.

प्रश्न : एक डझन कालवांचे दर बघून धक्का बसला. समुद्रात आपोआप वाढणाऱ्या गोष्टीचे एवढे पैसे का? (कॅनबेरा)

उत्तर : आपोआप वाढत नाहीत, म्हणून. सिडनी रॉक कालव ताटात येण्याजोगं व्हायला साधारण तीन ते साडेतीन वर्षं लागतात. पॅसिफिक दीड-दोन वर्षांत तयार होतं. या तीन वर्षांत प्रत्येक कालव कितीतरी वेळा पाण्याबाहेर काढून, निवडून, परत ठेवलेलं असतं.

कालवं उन्हाळ्यात पाण्यात अंडी आणि शुक्र सोडतात. त्यातून झालेली पिल्लं दोन-तीन आठवडे पाण्यात तरंगतात आणि मग कठीण जागा शोधून एकदाच, कायमची चिकटतात. ही जागा बागायतदार पुरवतो. पूर्वी डांबर फासलेल्या लाकडी काठ्या खाडीत रचत, कारण नुसतं लाकूड पाण्यातले किडे पोखरून टाकतात. आता प्लास्टिकच्या पट्ट्या वापरतात. त्यांवर बसलेलं बीज अलगद खरवडून काढता येतं. काही जण हॅचरीतलं, म्हणजे बीजनिर्मिती केंद्रातलं, बीज आणतात. न्यू साउथ वेल्सच्या सरकारी संशोधकांनी १९९० पासून निवड पद्धतीने लवकर वाढणारी आणि रोगाला टिकणारी वाणं तयार केली आहेत. त्यांचं बीज हॅचरीतूनच मिळतं.

बीज बारीक जाळीच्या टोपल्यांत भरतात आणि वाढेल तसं मोठ्या जाळीच्या टोपल्यांत हलवतात. टोपल्या खांबांवर ताणलेल्या दोरीला अडकवलेल्या असतात आणि ती दोरी खाली-वर करता येते. सगळं कसब इथे आहे. दोरी खाली ठेवली तर कालव जास्त वेळ पाण्यात राहतं, जास्त खातं, भराभर वाढतं. पण शिंप पातळ राहते, आणि चिखलातले पोलिडोरा जातीचे किडे शिंप पोखरून आत काळे फोड करतात. दोरी वर घेतली तर ओहोटीला कालव उघडं पडतं. किडे आणि वर चिकटू पाहणारी परकी पिल्लं सुकून मरतात, पण वाढ मंदावते. रोज किती तास कोरडं ठेवायचं हे ऋतू, पाणी आणि कालवाचं वय पाहून ठरतं. तरंगत्या पिशव्यांच्या बागा असतात तिथे पिशवी उलटी करून काही दिवस उन्हात ठेवतात, उद्देश तोच.

लाटेने टोपली हलते आणि कालवं एकमेकांवर घासतात. त्यांची नाजूक कड तुटते, म्हणून शिंप लांब होण्याऐवजी खोल होते. तुमच्या बशीतली ती सुबक वाटी अशी घडलेली असते. मग चाळणीतून प्रतवारी. मोठ्याला तिथे ‘प्लेट’ म्हणतात, मधल्याला ‘बिस्ट्रो’, लहानाला ‘बॉटल’.

त्यात रोग येतात. क्यूएक्स या परजीवीने जॉर्जेस नदीतल्या बागा १९९४ पासून बुडवल्या, हॉक्सबरी नदीला २००४ मध्ये गाठलं. हॉक्सबरीच्या बागायतदारांनी मग पॅसिफिक कालवं लावली, तर २०१३ मध्ये विषाणूने तीही मेली. त्यामुळे एका खाडीतून दुसरीत कालवं नेण्यावर कडक निर्बंध असतात. महोत्सवात बागायतदार स्वतः स्टॉलवर उभे असतात. दराबद्दल विचारण्याआधी ‘हे कालव पाण्यात कधी ठेवलंत?’ असं विचारून बघा, गप्पा तिथून सुरू होतात.

त्या पाण्याची कथा त्याहून जुनी आहे. या किनाऱ्यावरचे मूळ रहिवासी युइन लोक हजारो वर्षं ही कालवं खात आले आहेत, किनाऱ्यावर शिंपल्यांचे त्यांचे प्राचीन थर अजून सापडतात. गोऱ्या वसाहतींनी बांधकामाच्या चुन्यासाठी जिवंत कालवं जाळून खाड्या रिकाम्या केल्या. अखेर १८६८ मध्ये न्यू साउथ वेल्सला त्यावर कायद्याने बंदी आणावी लागली. वागोंगात अलीकडे सिडनी रॉक आणि अंगासी यांचे नैसर्गिक थर पुन्हा उभारण्याचं काम झालं आहे. ही कालवं काढण्यासाठी नाहीत, खाडीसाठी आहेत.

प्रश्न : पाऊस पडला की तिथे कालवांची काढणी बंद होते असं ऐकलं. मग महोत्सव रद्द होतो का? (सिडनी)

उत्तर : काढणी बंद होते हे खरं. प्रत्येक काढणीक्षेत्राला पावसाच्या मिलिमीटरची आणि पाण्याच्या क्षारतेची मर्यादा ठरवून दिलेली असते. ती ओलांडली की क्षेत्र बंद. कारण पाऊस गोठ्यांतली, रस्त्यांवरची, सेप्टिक टाक्यांतली घाण खाडीत आणतो आणि कालव गाळणीसारखं ती अंगात साठवतं. पाणी पूर्ववत झाल्यावर कालवांची आणि पाण्याची तपासणी होते, मगच क्षेत्र उघडतं. विषारी शेवाळाचीही नियमित तपासणी होते, आणि ते विष शिजवूनही जात नाही. एक खाडी बंद झाली तरी दुसरी उघडी असू शकते, त्यामुळे स्टॉलवर नेहमीपेक्षा वेगळ्या गावांची नावं दिसतील.

याच कारणाने, फिरताना खडकावर दिसलेली कालवं फोडून तिथेच खाऊ नका. बागेतली काढणं हा तर गुन्हाच आहे.

प्रश्न : घरात दोघं शाकाहारी आहेत. त्यांनी काय करावं? (सिडनी)

उत्तर : त्यांना मिल बे बोर्डवॉकवर न्या. पाण्यावरून जाणारी लाकडी वाट आहे, खाली स्टिंग रे आणि कधी सीलही दिसतात. तिथून पुढे मुखाशी गेलं की ऑस्ट्रेलियाच्या नकाशासारखं भोक असलेला खडक आहे. समुद्र शांत असेल तर सुमारे नऊ किलोमीटरवरच्या बरंगुबा बेटावर बोटीने जाता येतं. त्याचं इंग्रजी नाव माँटेग्यू. तिथे सील, पेंग्विन आणि १८८१ चा दीपस्तंभ आहे. नरूमाच्या मुखावरची लाट अवघड आहे, बोट रद्द झाली तर हट्ट धरू नका. महोत्सवात इतरही खाणं असतं, पण तेलाची कढई वेगळी आहे का ते विचारून घ्या.

प्रश्न : तिथून कालवं घरी आणून आपल्या पद्धतीची आमटी करायची आहे. कशी आणावीत आणि प्रमाण काय? आईसाठी थोडी रत्नागिरीला नेता येतील का? (सिडनी)

उत्तर : रत्नागिरीचा विचार सोडा. जिवंत शिंपल्यांच्या आयातीला परवाने लागतात, आणि परक्या खाडीतला रोग आपल्या खाडीत नेण्याची जोखीम कुणीच घेऊ नये.

सिडनीपर्यंत आणायची तर न उघडलेली घ्या. ओल्या गोणपाटात, खोलगट बाजू खाली ठेवून, शीतपेटीत रचा. बर्फ तळाशी आणि मध्ये जाळी किंवा पुठ्ठ्याचा जाड थर. बर्फाचं गोडं पाणी कालवांना लागलं तर ती मरतात. बादलीभर पाण्यात बुडवूनही ठेवू नका आणि हवाबंद पिशवीही नको. सिडनी रॉक तोंड घट्ट मिटून बरेच दिवस जगतं, तरी दोन-तीन दिवसांत संपवा. करण्याआधी प्रत्येक तपासा. उघडं असलेलं टिचकी मारूनही मिटत नसेल, वास येत असेल किंवा आत कोरडं असेल तर फेकून द्या.

आमटीसाठी महागडं ‘प्लेट’ नको, ‘बॉटल’ प्रत घ्या. चार जणांना चार डझन. शिंपेतलं पाणी वाया न घालवता बारीक फडक्यातून गाळून ठेवा. एक कांदा उभा चिरून आणि एक वाटी ओलं खोबरं असं दोन्ही वेगवेगळं, खमंग तपकिरी भाजून, आठ लसूणपाकळ्या आणि बोटभर आल्यासोबत बारीक वाटा. तीन चमचे तेलात दुसरा बारीक चिरलेला कांदा परता. त्यात अर्धा चमचा हळद, दोन चमचे मालवणी मसाला, मग वाटण. तेल सुटलं की दीड वाटी पाणी घालून आठ-दहा मिनिटं उकळा. वाटण इथेच पूर्ण शिजलं पाहिजे, कारण कालवं घातल्यावर वेळ मिळत नाही. आता गाळलेलं पाणी आणि गर घाला. पुन्हा खळखळून उकळी आल्यावर तीन-चार मिनिटं, कडा मुरडल्या की झालं. चार-पाच कोकमं त्याच शेवटच्या मिनिटांत. मीठ सगळ्यांत शेवटी, चव घेऊन. वागोंगाच्या कालवांत ते आधीच भरपूर असतं आणि सुरुवातीला घातलेलं मीठ परत काढता येत नाही. जास्त शिजवलं तर गर आक्रसून रबरासारखा होतो.

प्रश्न : आमच्या बचतगटाने खाडीत कालवं लावली आहेत. असा महोत्सव आमच्याकडे करायचा तर नरूमाचं काय घ्यावं, काय सोडावं? (सिंधुदुर्ग)

उत्तर : कच्चं खायला देणं सोडा. नरूमात कच्चं कालव विश्वासाने खाता येतं ते पावसाशी आणि पाण्याच्या तपासणीशी बांधलेल्या काढणीमुळे. ती साखळी उभी राहीपर्यंत आपल्याकडे शिजवलेलंच द्यावं. गाळून निर्जंतुक केलेल्या समुद्राच्या पाण्यात दीड दिवस ठेवून कालवं शुद्ध करण्याची पद्धत उपयोगी आहे. पण तिने जिवाणू कमी होतात, विषाणू आणि विषारी शेवाळाचं विष पुरतं जात नाही.

वेळापत्रकही उचलू नका. तुमच्या खाडीत पावसाळ्यात गोड्या पाण्याचा लोंढा येतो आणि क्षारता पार खाली जाते. केंद्रीय सागरी मत्स्यसंशोधन संस्थेने तुतिकोरिनला आणि पुढे केरळात रुळवलेली पद्धत पावसाळ्याशी जुळवून घेते. जुन्या शिंपांना भोक पाडून दोरीत सहसा पाच-सहा, मध्ये वीतभर अंतर ठेवून ओवतात. पावसाळा संपल्यावर बीज बसतं, रॅकवर टांगून सहा-सात महिन्यांत, पुढचा पाऊस येण्याआधी काढणी होते. आपल्याकडचं पाणी उबदार आहे आणि खाडीचं ते कालवही झपाट्याने वाढणाऱ्या जातीचं, म्हणून तिथे तीन वर्षं लागतं ते इथे महिन्यांत होतं. महोत्सव एप्रिलच्या आसपास ठेवा. दिवसा ओहोटी येईल असा उधाणाजवळचा दिवस पंचांगात पाहून ठरवा, म्हणजे पाहुण्यांना रॅक पाण्याबाहेर दाखवता येतील.

नरूमाकडून घ्यायचं ते स्टॉलवरचं. फळ्यावर खाडीचं नाव, काढणीची तारीख आणि गटाचं नाव लिहा. टोपली किंवा दोरीची माळ समोर टांगा, त्यावर तीन वयांची कालवं असू द्या. उघडणारी बाई ग्राहकासमोर बसू द्या, हातात मोजा आणि बोथट सुरीसह. फोडून धुतलेला गर आणि समोर उघडलेलं कालव यांच्या दरात फरक का, हे लोकांना तिथेच दिसतं. कढई एकच पण सतत चालू ठेवा, आधी करून ठेवलेली आमटी दुपारपर्यंत कोमट होते. प्रत्येक टेबलाखाली रिकाम्या शिंपांसाठी गोणपाट ठेवा. त्या फेकू नका. वाळवून, भोक पाडून पुढच्या हंगामाच्या माळा त्यांच्याच ओवायच्या आहेत.